निघण्याची वेळ

दुकानात अकरा थर्मोस्टॅट टांगलेले.
इर्मा केस्कितालो प्रत्येकासमोर थांबली,
चष्मा कपाळावर, नाक खोक्याला टेकेल इतकं जवळ,
आणि म्हणाली, "ह्यातला कमीत कमी बोलणारा कुठला?"

म्हटलं, फोनशी बोलणारा नको तुला,
तुझा फोन अजून भिंतीला बांधलेला.
सात दिवसांचे सात हिशेब मागणाराही नको,
तुझे सातही दिवस आता सारखेच.
हे शेवटचं बोलायला नको होतं.
तिनं मोठ्या आकड्यांचा उचलला,
पैसे सुटे मोजून दिले.

शनिवारी हत्यारं घेऊन गेलो.
डुलुथमधला जानेवारी, बाहेर उणे बावीस,
दाराची कडी हातमोज्याला चिकटली.
भिंतीवर जुना, गोल, सोनेरी कडेचा,
आत काचेची कुपी, कुपीत पाऱ्याचा थेंब.
घर गारठलं की तो कलंडायचा
आणि तळघरात भट्टी हुंकारायची.
चाळीस वर्षं, एका थेंबाचं काम.
"फेकू नकोस," ती म्हणाली.
पारा फेकत नाहीतच, जमा करतात, म्हटलं;
काकडीच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला.

वीज बंद केली. तारांचा फोटो काढला.
लाल, पांढरी, आणि भिंतीच्या पोटात
गुंडाळी करून ठेवलेली एक निळी,
जिला कुणी कधी कशाला जोडलंच नव्हतं.
भोकातून पिवळ्या वर्तमानपत्राचा बोळा निघाला,
तो कोटाच्या खिशात कोंबला.
निळीचं दुसरं टोक शोधत तळघरात उतरलो.
भट्टीच्या पत्र्यावर खडूनं तारखा:
गाळणी बदलली, गाळणी बदलली,
आणि गेल्या मार्चनंतर पत्रा कोरा.
मी काही विचारलं नाही. गाळणी ओढून पाहिली,
धूळ गोधडीइतकी जाड.

नवा पेटला. हिरवट उजेडात पहिलाच प्रश्न:
उठण्याची वेळ?
"साडेचार," ती पटकन म्हणाली, मग थांबली.
"ती तोइवोची, गोदीवरच्या पाळीची. माझी लिही सात."
निघण्याची वेळ? परतण्याची वेळ?
ती माझ्याकडे बघत राहिली, मी पडद्याकडे.
"कुणी निघत नाही रे. ठेव रिकामं."
रिकामं ठेवता येत नव्हतं.
पुस्तिकेची बेचाळीस पानं उलटली,
चारी रकाने भरल्याशिवाय यंत्र पुढे सरकेना.
शेवटी चारीकडे एकच आकडा टाकला, अडुसष्ट.
कुणी निघो, कुणी परतो, ऊब तेवढीच.

मंगळवारी रात्री फोन.
"घर भाजतंय. खिडकी उघडून बसलेय,
आणि तुझा डबा म्हणतो, एकसष्ट."
गेलो. बॅटरी बदलली, तारा ओढून पाहिल्या,
बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.
मग यंत्र उतरवून भोकाशी गाल नेला.
भिंतीच्या आतून बारीक गार झुळूक,
माळ्यावरून उतरून थेट त्याच्या पाठीवर.
बिचारं खोटं बोलत नव्हतं.
त्याला लागत होती ती थंडी खरीच होती,
घरात दुसऱ्या कुणाला लागत नव्हती, इतकंच.

खिशात हात घातला. बोळा तिथेच होता.
तिनं तो हातात घेऊन उलगडला,
हॉकीचा निकाल, अर्धी जाहिरात, सालाचा आकडा फाटलेला.
"ह्यानं कोंबला होय," ती म्हणाली,
"आणि मला वाटायचं, हा माणूस पेपर नेतो कुठे."
हसली. पुन्हा घट्ट वळला, स्वतःच्या हातानं आत सारला.
पुट्टीचा डबा मी न उघडताच परत नेला.

गुरुवारी दुकानात आली.
"दहा वाजता बासष्ट कसं करायचं?"
का गं?
"निघतेय."
कुठे ते सांगितलं नाही.
दोन गाळण्या घेतल्या, आणि खडू मागितला.
खडू आम्ही ठेवत नाही.
गल्ल्यातला माझा दिला, अर्धा होता.